कपड्याला चिकटलेली गोळी आणि इतर डाग : आधी ओळखा, मग धुवा



15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की शाळेत गोळ्या वाटतात. दोन मिळाल्या की एक तोंडात जाते आणि दुसरी धाकट्या बहिणीसाठी खिशात. पावसाळी दमट हवेत साखर ओलावा ओढून घेते आणि गोळी खिशातच पाझरायला लागते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या शर्टाचं असंच झालं. शर्ट नीट वाळला नव्हता, म्हणून आईने वरून गरम इस्त्री फिरवली. आतली साखर वितळली, करपली आणि खिशाची दोन्ही कापडं एकमेकांना चिकटली. गणवेश एकच. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही, आला तेव्हा छातीवर हात ठेवूनच बसला.

चूक आईची नाही. डाग दिसला की आपण सगळेच घाईत साबण, ब्रश किंवा इस्त्री हातात घेतो. खरं तर आधी विचारायला हवं : हा डाग कशाचा आहे?

गोळी म्हणजे मुख्यतः साखर आणि रंग. साखर पाण्यात विरघळते, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. म्हणून वाळलेली गोळी ओढू नका, धागे निघतात. चमच्याच्या कडेने वरचा थर अलगद काढा, मग तेवढा भाग कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. घासायची गरजच पडत नाही. रंग उरला तर कापड उलटं करून मागच्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे रंग आला त्या वाटेने बाहेर जातो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको. (घरी करून बघा : एक गोळी गार पाण्यात, एक कोमट पाण्यात टाका. आधी कोणती विरघळते?)

च्युइंगमचं मात्र उलटं आहे. त्याचा चिवट भाग रबरासारखा असतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि गरम पाण्याने आणखी पसरतो. पिशवीत बर्फ घालून त्यावर दाबून धरा. च्युइंगम कडक झालं की पट्टीच्या कडेने तुकडे पाडून काढा. थोडं उरलंच तर खोबरेल तेलाचा थेंब लावून चोळा, आणि तो तेलाचा डाग भांड्यांच्या साबणाने धुवा.

चॉकलेटमध्ये साखर, तूपट भाग आणि बहुतेक वेळा दूधही असतं. दूध, अंडं, रक्त यांत प्रथिनं असतात. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ना? तसंच गरम पाण्यात ही प्रथिनं कापडावर घट्ट बसतात. म्हणून खेळताना गुडघा फुटला, पँटला रक्त लागलं, तर आधी गारच पाणी. चॉकलेटलाही आधी गार पाणी, मग भांड्यांचा साबण.

आता हळद. हिच्याबद्दल तक्रारी सर्वात जास्त! पोषण आहारातली खिचडी शर्टावर सांडली, आईने साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो आणि हळद अल्कधर्मी पदार्थात लालसर होते. वरच्या वर्गात 'दर्शक' शिकाल, तो हाच प्रकार. लिंबू पिळलं की परत पिवळा होईल, पण गेला असं समजू नका, फक्त रंग बदलला. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण उन्हात टिकत नाही. साबणाने तेल काढा, स्वच्छ धुवा आणि डागाची बाजू वर करून कडक उन्हात वाळत घाला. एका दिवसात नाही गेला तर पुन्हा ओला करून पुन्हा उन्हात घाला. पावसाळ्यात वाट पाहावी लागते, त्याला इलाज नाही.

बॉलपेनच्या शाईवर दूध लावा असं बरेच जण सांगतात. मी लावून पाहिलं : दूध धुतलं गेलं, डाग राहिला! ही शाई स्पिरिटमध्ये विरघळते. डागाखाली जुनं फडकं ठेवा, कापसावर स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं सॅनिटायझर घेऊन टिपत राहा. शाई खालच्या फडक्यात उतरते. हे काम मोठ्यांनीच करावं, आणि पेटत्या गॅसजवळ, दिव्याजवळ अजिबात नको, कारण स्पिरिट पटकन पेट घेतं.

खिळ्यावर अडकवलेल्या ओल्या शर्टाला गंज लागला तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, मग धुवा. आम्लात गंज विरघळतो.

ब्लीच फक्त पांढऱ्या सुती कपड्यांना, रंगीत गणवेशाला लावाल तर डागाबरोबर रंगही जाईल. आणि ब्लीचमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.

आणि हो, त्या शर्टाचा खिसा. आईला मी कोमट पाण्याचं सांगितलं. त्यांनी रात्रभर भिजवला, सकाळी दोन्ही कापडं सुटली. करपलेल्या साखरेचा तपकिरी डाग मात्र थोडा राहिला. त्यावर त्यांनी जुन्या शर्टाचा पांढरा तुकडा असा शिवला, की मला जवळ जाऊन पाहावं लागलं.