फुप्फुसातल्या गाठी काढल्यानंतर

शरीरभर फिरून हृदयाकडे परतलेले रक्त फुप्फुसांतल्या अतिशय बारीक वाहिन्यांतूनच पुढे जाते. त्यामुळे हाडाचा, मूत्रपिंडाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग पसरला की त्याच्या दुय्यम गाठी अनेकदा फुप्फुसात आढळतात. कर्करोग पसरला म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ गेली, असे सर्रास मानले जाते. पण मूळ जागेचा रोग आटोक्यात असेल, फुप्फुसातल्या गाठी मोजक्या असतील आणि उरलेल्या फुप्फुसावर रुग्णाचे भागणार असेल, तर त्या काढता येतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय नोंदणीत अशा ५,२०६ रुग्णांची माहिती होती. ज्यांच्या सर्व गाठी काढता आल्या त्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. हे रुग्ण निवडक होते, त्यामुळे यातले श्रेय शस्त्रक्रियेचे किती, यावर अजून वाद आहे. पण जे जगतात ते कसे जगतात, हा प्रश्नही तितकाच मोठा आहे.

कापलेले फुप्फुस प्रौढ वयात पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग फुगून रिकामी जागा भरतो. दुय्यम गाठी बहुधा भोवतालच्या थोड्याशा भागासकट काढतात, कारण पुढे नवी गाठ आली तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. म्हणजे फुप्फुस फारसे गेलेले नसते, तरीही रुग्णाला जिना चढताना धाप लागते. याचे कारण बरेचदा फुप्फुसाबाहेर असते. बरगड्यांमधली जखम दुखते म्हणून श्वास उथळ होतो. आधीच्या केमोथेरपीने रक्त कमी झालेले असते, काही औषधांनी हृदयाची ताकद घटते, तर काहींनी तळपाय बधिर होतात. त्यात अंथरुणावर गेलेले दिवस मांड्यांचे स्नायू झपाट्याने वितळवतात. दमलेल्या पायांना जास्त हवा लागते, हे रुग्णाला कुणी सांगितलेलेच नसते.

पहिले काम वेदना आवरण्याचे. गोळ्या दुखू लागल्यावर नव्हे, ठरल्या वेळी घ्यायच्या, कारण दुखणाऱ्या छातीने खोकता येत नाही आणि खोकला नाही तर कफ साचून न्यूमोनिया होतो. जखमेवर उशी घट्ट धरून खोकायचे. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेल्या तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकर घालायची नसते; नळीतून सावकाश हवा आत ओढायची असते. छातीत नळी असतानाही, बाटली हातात धरून, बहुतेक रुग्णांना दुसऱ्या दिवसापासून चालवतात. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात पोटाशी धरून ठेवण्याची सवय मात्र लवकर मोडावी लागते, नाहीतर खांदा आखडतो आणि केस विंचरणे, ब्लाउज घालणेही जड जाते.

घरी आल्यावरचा मोठा अडथळा म्हणजे माया. पाण्याचा पेलाही हातात आणून दिला जातो, आणि काळजीपोटी केलेली ही सेवाच रुग्णाला अशक्त ठेवते. भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर, दुचाकी यांना काही आठवडे मनाई असते, चालण्याला नसते. सपाट रस्त्यावर, चालता चालता वाक्य पूर्ण बोलता येईल इतक्या वेगाने, दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे चालावे आणि अंतर हळूहळू वाढवावे. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हा मांड्यांसाठी साधा आणि उत्तम व्यायाम आहे. जिना त्यानंतर. हाडाच्या कर्करोगात पायात कृत्रिम सांधा बसवलेल्यांसाठी हे वेळापत्रक वेगळे असते, आणि ते फिजिओथेरपिस्टनेच आखायला हवे. सोबत डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे असा प्रथिनांचा आहार नसेल तर स्नायू भरत नाहीत.

दोन महिन्यांनंतरही स्तनाखाली किंवा बरगडीच्या रेषेत जळजळ, मुंग्या, बधिरपणा राहू शकतो. दर वेळी त्याचा अर्थ रोग परतला असा नसतो. बरगड्यांमधली नस दुखावलेली असते आणि तिच्यासाठी वेगळी औषधे असतात. मात्र अचानक वाढलेली धाप, ताप, थुंकीतून रक्त किंवा एका पोटरीची सूज दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रगती मोजण्याची सोपी चाचणी म्हणजे सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे पाहणे. पसरलेल्या कर्करोगात चालण्या-फिरण्याला आणखी एक वजन असते. पुढची केमोथेरपी द्यायची की नाही हे ठरवताना डॉक्टर रुग्णाची कार्यक्षमता श्रेणीत मोजतात: शून्य म्हणजे पूर्वीसारखा कामाला समर्थ, दोन म्हणजे स्वतःचे सगळे करणारा पण कामधंदा न झेपणारा, चार म्हणजे पूर्णपणे अंथरुणाला खिळलेला. वरच्या आकड्याच्या श्रेणीत गेलेल्या रुग्णाला अनेक उपचार सोसत नाहीत, म्हणून दिलेही जात नाहीत. फुप्फुसात पुन्हा गाठ आली आणि दुसरी शस्त्रक्रिया ठरली, तर हेच चालणे आणि श्वासाचे व्यायाम तिच्या काही आठवडे आधीपासूनच सुरू करतात.