मिडीतली स्वराची लांबी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिडीच्या संदेशात स्वराची लांबी कुठेच नसते. संगणकावर संगीत करणाऱ्या पुष्कळांना हे खरे वाटत नाही, कारण सिक्वेन्सरच्या पियानो रोलवर प्रत्येक स्वर आडव्या ठोकळ्यासारखा दिसतो आणि ठोकळा ओढून लांबही करता येतो. पण मिडी जन्मली ती वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे सिंथेसायझर केबलने जोडून वाजवून दाखवले गेले. वादक पट्टी किती वेळ धरून ठेवणार, हे पट्टी दाबली जाते त्या क्षणी कोणत्याही यंत्राला कळणे शक्य नाही. म्हणून दाबल्याचा एक संदेश, ‘नोट ऑन’, आणि सोडल्याचा दुसरा, ‘नोट ऑफ’, एवढेच ठरले. प्रत्यक्ष वादनाचा विचार करता हाच निर्णय योग्य होता. लांबी ही सिक्वेन्सरने या दोन क्षणांतून काढलेली वजाबाकी आहे.

मिडी फाइलमध्ये तरी लांबी लिहिलेली असेल, हा समजही चुकीचा. तिथे प्रत्येक घटनेपुढे आधीच्या घटनेपासून किती टिक, म्हणजे मात्रेचे बारीक भाग, गेले तेवढेच नोंदलेले असते. फाइल उघडल्यावर कोणता ‘ऑफ’ कोणत्या ‘ऑन’चा, हे सॉफ्टवेअरला जुळवावे लागते. काही फाइलींत तर नोट ऑफ एकही सापडत नाही. त्याने फाइल बिघडली असे होत नाही, कारण शून्य व्हेलॉसिटीचा, म्हणजे पट्टी दाबण्याचा जोर शून्य दाखवणारा, नोट ऑन म्हणजे नोट ऑफच, असे प्रमाणातच म्हटले आहे. त्यामुळे सगळे संदेश एकाच जातीचे होतात, संदेशाची जात सांगणारा पहिला बाइट पुन्हा पुन्हा पाठवावा लागत नाही आणि जागा वाचते.

जोडी जुळवण्यातली खरी अडचण एकच स्वर स्वतःवर चढतो तेव्हा येते. मात्रेचे ४८० टिक धरले, तर पहिला सा ० वर सुरू होऊन ४९० वर सुटतो आणि दुसरा सा ४८० वर सुरू होतो, असे समजा. ४९० व्या टिकाला आलेला नोट ऑफ कोणत्या सा साठी आहे, हे संदेशातून कळत नाही. बरीच वाद्ये तो आदेश पाळून तो स्वरच बंद करतात. पडद्यावर दुसरा सा चार मात्रा पसरलेला दिसतो, कानाला मात्र १० टिकांत तुटतो. वाद्यात दोष शोधत बसण्याआधी सिक्वेन्सरमधली स्वरांची चढ काढून टाकणारी आज्ञा वापरावी. वेगवेगळ्या स्वरांची चढ मात्र उपयोगाची असते. एका वेळी एकच स्वर वाजवणारे सिंथेसायझर तिच्यावरूनच ओळखतात की पुढचा स्वर नव्याने न उचलता आधीच्याला जोडून घ्यायचा आहे.

टिक म्हणजे मिलिसेकंद नव्हे. टिक हा मात्रेचा अंश आहे. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत मात्रेला ५०० मिलिसेकंद मिळतात, म्हणून ४८० टिकांच्या हिशेबात एक टिक सुमारे १.०४ मिलिसेकंदाचा होतो. लय ६० वर आणली की तोच टिक दुप्पट लांब. लय बदलली तरी स्वरांचे आकडे तसेच राहतात ते यामुळेच.

मात्रेचे टिक जास्त म्हणजे ताल आपोआप अचूक, असेही मानले जाते. ४८० ला २, ३, ४, ५ ने भाग जातो, ७ ने जात नाही. पावणेदुपटीत चार मात्रांत सात स्वर बसवायचे, तर १९२० भागिले ७, म्हणजे २७४.२९ टिक. प्रत्येक स्वराची जागा आरंभापासून मोजून जवळच्या टिकावर नेली, तर २७४, ५४९, ८२३ असे आकडे येतात आणि चूक अर्ध्या टिकाच्या आतच राहते. कानाला ती कळत नाही. पण २७४ लांबीचे ठोकळे एकापुढे एक चिकटवत नेले, तर दर चार मात्रांना २ टिक कमी पडतात आणि सोळा मात्रांच्या आवर्तनाअखेर समेवर ८ टिकांची तूट येते. बारीक टिकांनी ही तूट कमी होते. ती टळते मात्र मोजण्याची पद्धत बरोबर असली तरच.

एकत्र दिसणारे स्वर एकाच क्षणी वाजतात, हे मिडी केबलवर खरे नाही. तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एका बाइटला १० बिट लागतात, त्यामुळे तीन बाइटांचा नोट ऑन जवळजवळ एक मिलिसेकंद घेतो. दहा स्वरांचा कॉर्ड पोहोचायला साडेनऊ मिलिसेकंदांहून अधिक वेळ जातो, पहिला बाइट वाचवला तर पावणेसात. संगणकातल्याच सॉफ्टवेअर वाद्यांना ही अडचण नाही. त्यांचा विलंब ध्वनीच्या बफरमधून येतो: ४४,१०० च्या सॅम्पल दरावर २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद. तो थेट वाजवताना जाणवू शकतो. नोंदलेले स्वर मात्र सिक्वेन्सरला आधीच माहीत असतात, म्हणून तिथे तो आधीच हिशेबात धरता येतो.

क्वांटाइझ केल्याने, म्हणजे स्वर तालाच्या ठरावीक जागांवर सरकवल्याने, लांबी सुधारते, हाही व्यापक समज आहे. साधारणपणे ही क्रिया फक्त स्वराचा आरंभ सरकवते. शेवटासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. शिवाय पेडलचे संदेश वेगळे असल्याने ते जुन्याच जागी राहू शकतात. पेडलचा कंट्रोलर क्रमांक ६४. त्याची किंमत ६४ किंवा वर असेपर्यंत नोट ऑफ येऊनही पियानोचा स्वर घुमत राहतो. ठोकळा आखूड आणि आवाज लांब, हे कोडे बहुधा इथेच सुटते. उलट तालवाद्यांचे अनेक सॅम्पल नोट ऑफ पाळतच नाहीत, म्हणून तिथे ठोकळा लांबवून काहीही होत नाही.

गाणे मधूनच सुरू केले की तानपुऱ्याचा लांब धरलेला स्वर ऐकू येत नाही, कारण त्याचा नोट ऑन मागे राहिलेला असतो. अनेक सिक्वेन्सरांत असे मागे राहिलेले संदेश शोधून पाठवणारी ‘चेस’ नावाची सोय असते. ती चालू असली, तरी सॅम्पल केलेला तानपुरा सामान्यतः पहिल्या छेडीपासूनच सुरू होतो. आणि नोट ऑफ वाटेत हरवल्याने एखादा स्वर अडकून राहिला, तर सगळे स्वर सोडायला लावणारा कंट्रोलर १२३ त्यासाठीच आहे. पेडल दाबलेला असेल, तर आधी तो सोडल्याचा संदेशही पाठवावा लागतो.