सामुदायिक बागकाम आणि स्थानिक पर्यावरण : महाविद्यालयीन परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पर्यावरण संवर्धन म्हणजे वृक्षारोपण हे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. दरवर्षी पावसाळ्यात रोपे लावली जातात. मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी व देखरेखीअभावी त्यांतील अनेक नष्ट होतात. त्याच परिसरात पालापाचोळा जाळला जातो आणि उपाहारगृहातील ओला कचरा बाहेर पाठविला जातो. सामुदायिक बागकाम या दोन्ही प्रश्नांचा एकत्रित विचार कसा करते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना व शास्त्रीय आधार :
समूहाने सामाईक जागेवर स्वतःच्या श्रमातून व सामूहिक निर्णयातून फुलविलेली आणि जिचे उत्पन्न सर्वांनी वाटून घेतले अशी बाग म्हणजे सामुदायिक बाग होय. तिचा पाया रोपे नसून माती हा आहे. वाळलेल्या पानांत कर्बाचे, तर भाजीपाल्याच्या कचऱ्यात नत्राचे प्रमाण तुलनेने अधिक असते. कर्ब-नत्र गुणोत्तर साधारणतः ३० : १ राहील अशा रीतीने दोन्ही मिसळल्यास सूक्ष्मजीव त्यांचे खत बनवितात. हाच ओला कचरा कचराभूमीत हवेविना कुजल्यास मिथेन वायू निर्माण होतो. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध झालेली माती पाणी धरून ठेवते. त्यामुळे सिंचनाची गरज घटते व गांडुळे, कीटक, पक्षी यांना आश्रय मिळतो.

मुंबईतील उदाहरण :
मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास बाग सुरू केली. स्वयंपाकघरातील ओला कचरा हेच तिचे भांडवल होते. श्री. अ. दाभोलकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ची प्रेरणा अशा प्रयोगांमागे आहे. जमीन नसली तरी बाग होऊ शकते, परंतु कामात सहभागी होणारी माणसे नसतील तर ती टिकत नाही, हे या उदाहरणातून ध्यानात येते.

महाविद्यालयाची भूमिका :
घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. ५,००० चौरस मीटरहून अधिक क्षेत्र असलेल्या संस्थांनी विघटनशील कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी, असेही त्यांत नमूद केले होते. तथापि महाविद्यालयापुढील खरी अडचण सुटीची असते. विद्यार्थी दर तीन वर्षांनी बदलतात आणि नेमक्या कडक उन्हाळ्यात परिसर ओस पडतो. म्हणून केवळ राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांवर विसंबून न राहता प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व शेजारील रहिवासी यांची संयुक्त समिती नेमावी. वाफे वाटून द्यावेत, सुटीतील पाण्याची पाळी आधीच ठरवावी आणि भाजीचा वाटा पाळी करणाऱ्यांना द्यावा.

निष्कर्ष :
सामुदायिक बागेचे यश लावलेल्या रोपांच्या संख्येवरून मोजता येत नाही. परिसरातील किती पालापाचोळा परिसराच्याच मातीत परत गेला आणि मे महिन्यात पाणी घालण्यास किती जण आले, हेच तिचे खरे निकष होत. या निकषांवर आपल्या महाविद्यालयाचा परिसर तपासून पाहणे, ही प्राध्यापकांची पहिली जबाबदारी ठरते.