‘झिंगाट’चा हिशेब, ओतूरच्या मापाने

आपल्या जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या वरातीत ‘झिंगाट’ वाजलं नाही, तर वरात निघालीच नाही असं समजा! पण या पावणेचार मिनिटांच्या गाण्यामागचे आकडे कधी मोजलेत? चला, मोजूच.

गाणं ‘सैराट’ या मराठी सिनेमातलं, संगीतकार अजय-अतुल यांचं. वडील महसूल खात्यात, म्हणून दोघा भावांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, शिरूर या आपल्याच पट्ट्यात गेलं. आणि ‘सैराट’च्या वाद्यमेळाचं ध्वनिमुद्रण कुठे झालं? थेट हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत! इथून सुमारे 14,000 किलोमीटर. मुंबई-पुणे नव्वदहून जास्त वेळा कापा, तेव्हा कुठे पोचाल!

29 एप्रिल 2016 ला सिनेमा लागला आणि शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारा पहिला मराठी सिनेमा ठरला. शंभर कोटी म्हणजे शंभराच्या एक कोटी नोटा. तेव्हाची नोट 157 मिलिमीटर लांब. एकीला एक जोडत चला: 1,570 किलोमीटर! मुंबईहून रेल्वेने दिल्ली 1,384. नोटांची रांग दिल्लीही मागे टाकते!

गावरान बाजाची ही जादू अमेरिकेतही चालते. तिथल्या लिल नास एक्स या गायकाचं ‘ओल्ड टाउन रोड’ हे गावरान ढंगाचं गाणं 2019 मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग 19 आठवडे पहिलं होतं. 133 दिवस! तेवढ्यात लावलेला कांदा काढून ओतूरच्या बाजारात विकूनही होतो.

आता दम धरा. यूट्यूबवर ‘झिंगाट’ने दहा कोटी व्ह्यूजचा टप्पा केव्हाच ओलांडलाय, आपण दहा कोटीच धरू. जुन्नर तालुक्याची लोकसंख्या 2011 साली सुमारे चार लाख. म्हणजे तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत प्रत्येकाने 250 वेळा पाहायचं! एकदा पाहण्याला एक प्रवासी धरून रेल्वेत बसवा: 72 बर्थचे 24 डबे, अशा जवळपास 58,000 गाड्या. अर्ध्या किलोमीटरची एकेक गाडी, सगळ्या एकामागोमाग उभ्या केल्या तर पृथ्वीला पाऊण फेरा!

आणि वेळ? दहा कोटी गुणिले पावणेचार मिनिटं. साडेसदतीस कोटी मिनिटं. साडेबासष्ट लाख तास. दोन लाख साठ हजार दिवस. तब्बल 713 वर्षं! आज संपावं म्हणून अखंड वाजवायचं, तर सुरुवात चौदाव्या शतकात करावी लागली असती. तेव्हा संत नामदेव हयात होते आणि शिवनेरीवर शिवजन्म व्हायला तीनशेहून जास्त वर्षं बाकी होती!

तेव्हा मंडळी, वरातीत हे गाणं लागलं की हिशेब करत उभे राहू नका. सरळ नाचा, तेवढ्यात आकडा आणखी वाढलेला असतो!