वंशाच्या पोथींतील पाठभेद

गेल्या वर्षीं माझ्या पुतणीस स्तनाचा कर्करोग झाल्याचें कळलें. डॉक्टरांनीं विचारलें, "वडिलांच्या घराण्यांत कोणा स्त्रीस हा रोग झाला होता काय?" मीं कुलवृत्तान्त काढला. त्यांत दहा पिढ्यांचे पुरुष, गोत्र, उद्योग, सारें आहे. माझ्या दोघी आत्यांपुढें मात्र 'अकालीं निवर्तल्या' इतकेंच. मुलींचीं लग्नें अडतील म्हणून वडीलधाऱ्यांनीं रोगाचें नांव लिहिलें नाहीं. आतां सांगणारेंहि कोणी उरलें नाहीं.

आपल्या शरीरांतहि एक पोथी आहे. तिचीं अक्षरें चारच, परंतु विस्तार सुमारें ३०० कोटी अक्षरांचा. एक प्रत मातेकडून येते, एक पित्याकडून. तींतील 'बीआरसीए-१' हें प्रकरण पेशींतील बिघाड दुरुस्त करण्याच्या कामीं येतें. तें सतराव्या गुणसूत्रावर आहे, असें मेरी-क्लेअर किंग या विदुषीनें १९९० सालीं दाखविलें. त्यांत घातक अपपाठ शिरला, तर स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा संभव पुष्कळ वाढतो.

पण प्रत्येक पाठभेद घातक नसतो. ह्रस्वाचें दीर्घ झाल्यानें अर्थ बहुधा ढळत नाहीं; एक 'न' गळाला, तर मात्र निषेधाचा विधि होतो. हा विवेक आतां संगणकास शिकवितात. २०२३ सालीं गूगल डीपमाइंडच्या 'अल्फामिसेन्स'नें प्रथिनाचा एकेक घटक पालटणारे ७ कोटी १० लक्ष संभाव्य भेद तपासले. शेंकडा ५७ बहुधा निरुपद्रवी व ३२ बहुधा घातक ठरविले. रीत संपादकाचीच: निरनिराळ्या प्राण्यांच्या प्रती ताडून पाहावयाच्या, जें स्थान सर्वत्र अभंग राहिलें, तेथील फेरफार धोक्याचा समजावयाचा.

मात्र मनुष्यांच्या जमलेल्या प्रतींत युरोपीय वंशाचा भरणा फार. म्हणून आपल्याकडील पुष्कळ अहवालांवर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा पडतो. 'जीनोमइंडिया' प्रकल्पानें सुमारें १०,००० भारतीयांच्या प्रती वाचल्या, त्या ही उणीव भरून काढण्यासाठींच.

पुतणीच्या अहवालावरहि तोच शेरा आला. यंत्राचा अभिप्राय हा एक पुरावा. कोणत्या आप्तास कोणत्या वयांत कोणता रोग झाला, हा दुसरा. तो आमच्याच घरांत नाहींसा झाला होता.

अपपाठ वारशानें आला तरी रोग होईलच असें नाहीं. आधीं कळल्यास वेळेवर तपासणी करतां येते. म्हणून वाचकांस विनंति: वृद्ध मंडळी आहेत तोंवर त्यांस विचारा, आणि घरच्या वहींत लेकीसुनांच्या नांवापुढेंहि रोग व वय स्पष्ट लिहून ठेवा. आम्हीं ती वही आतां घातली आहे. पहिल्या पानावर दोघी आत्यांचीं नांवें आहेत. रोगाचा रकाना रिकामा आहे.