व्हिसाच्या फोटोत नाक मोठे का येते?

समजा तुमची आत्या अमेरिकेत राहते आणि तिच्या घरी बाळ येणार आहे. बाळंतपणाच्या मदतीला आजीने जायचे ठरले. त्यासाठी व्हिसा हवा. व्हिसाचा अर्ज हल्ली संगणकावर भरतात आणि त्याला आजीचा फोटो जोडावा लागतो. घरात मोबाइल सर्वांत चांगला तुम्हालाच हाताळता येतो, म्हणून हे काम साहजिकच तुमच्याकडे येते. तुम्ही आजीला भिंतीला टेकवून उभे करता, मोबाइल तिच्या तोंडापाशी नेता आणि फोटो काढून मोकळे होता. फोटो पाहून आजी म्हणते, "अरे, हे माझे नाक आहे की बटाटा?"

आजीची तक्रार हसण्यावारी नेता येईल. पण अर्ज तपासणारे ती हसण्यावारी नेत नाहीत. फोटो नियमात बसला नाही तर दुसरा मागवतात, त्यात दिवस जातात. बाळ काही त्यासाठी थांबत नाही.

नियम तसे थोडेच आहेत. अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो चौरस लागतो, २ इंच रुंद व २ इंच उंच. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के असावे लागते. मागची बाजू पांढरी किंवा पांढुरकी, तिच्यावर सावली नको. चेहरा सरळ समोर, दोन्ही डोळे उघडे, चेहऱ्यावर हसू किंवा कपाळाला आठ्या नकोत. फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी आकार निराळा, ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. चेहराही त्यात अधिक मोठा लागतो. पण मापे सोडली तर बाकीच्या अटी जवळजवळ सारख्या. याचे कारण असे की, प्रवासाच्या कागदपत्रांचे जागतिक नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना ठरवते आणि बहुतेक देश तेच पुढे ठेवून आपापले नियम करतात. फोटोतला चेहरा व समोर उभा असलेला माणूस एकच आहे की नाही, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला आणि आता यंत्रालाही ओळखता यावे, एवढाच या साऱ्याचा हेतू. तो मनात ठेवला, की प्रत्येक अटीमागे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला एखादा धडा उभा असलेला दिसेल.

प्रथम आजीच्या नाकाचे पाहू. सूचिछिद्र कॅमेरा तुम्ही खोक्याचा करून पाहिला असेल. त्यात वस्तू दुप्पट लांब नेली की तिची प्रतिमा निम्मी होते. मोबाइलच्या भिंगालाही हा नियम लागू आहे. आता फूटपट्टी घेऊन आपल्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे, समोरून मागचे अंतर मोजा. ते साधारण १२ सेंटिमीटर भरेल. मोबाइल नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान ४२ सेंटिमीटरवर असतात. ४२ भागिले ३०, म्हणजे १.४. याचा अर्थ, कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठे उमटणार. तोच मोबाइल दीड मीटरवर, म्हणजे १५० सेंटिमीटरवर नेला, की कान १६२ सेंटिमीटरवर येतात आणि हे गुणोत्तर १.०८ एवढेच उरते. आजीचे नाक पुन्हा आजीचे होते! जवळून काढलेल्या फोटोत कान मागे गेल्यासारखे आणि चेहरा निमुळता का दिसतो, हेही आता तुमच्या ध्यानात आले असेल.

ही नुसती कागदावरची आकडेमोड नव्हे. मोबाइलवर स्वतःच काढलेले फोटो दाखवून नाकावर शस्त्रक्रिया करून घ्यायला लोक येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतील काही डॉक्टरांनी हे गणित नीट मांडले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणे १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसते. ५ फुटांवरून हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. आपण काढलेल्या दोन गुणोत्तरांचा भागाकार करून पाहा. १.४ भागिले १.०८. उत्तर किती येते?

येथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. पुष्कळांना वाटते की, हा दोष भिंगाचा असून 'झूम' केल्याने तो जातो. नाक व कान यांचे प्रमाण केवळ अंतरावर अवलंबून असते. दीड मीटरवरून झूम करून काढलेला फोटो आणि दीड मीटरवरूनच साधा काढून नंतर मधला भाग कापून घेतलेला फोटो, दोहोंत चेहरा सारखाच दिसेल. म्हणून मोबाइल लांब न्यायचा आणि तो दुसऱ्या कोणी तरी धरायचा. स्वतःचा हात काही दीड मीटर लांब नसतो.

"पण लांबून चेहरा बारीक येईल, त्याचे काय?" असे तुम्ही विचाराल. तेही मोजून पाहू. संगणकावर पाठवायचा अमेरिकेचा फोटो कमीत कमी ६०० पिक्सेल गुणिले ६०० पिक्सेल आणि जास्तीत जास्त १२०० गुणिले १२०० पिक्सेल लागतो. मोबाइलच्या मागच्या नेहमीच्या कॅमेऱ्याच्या १२ मेगापिक्सेल फोटोत लांब बाजूवर सुमारे ४००० पिक्सेल असतात. मोबाइल उभा धरला, तर दीड मीटरवर त्या बाजूत साधारण २ मीटर उंचीचे दृश्य मावते. म्हणजे दर सेंटिमीटरला २० पिक्सेल मिळाले. हनुवटीपासून माथ्यापर्यंत डोके २४ सेंटिमीटर धरले, तर त्याच्या वाट्याला ४८० पिक्सेल आले. हे डोके फोटोच्या ६० टक्के उंचीत बसवायचे, तर फोटो ८०० पिक्सेलचा होईल. ६०० आणि १२०० यांच्या दरम्यानच!

आता सावलीकडे वळू. भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माणसाची सावली त्याच्या कानामागे काळी उमटते. यंत्राला मग डोक्याची कड कोठे संपते आणि सावली कोठे सुरू होते, हे कळत नाही. सूर्यग्रहणाच्या धड्यात तुम्ही प्रच्छाया आणि उपच्छाया शिकला आहात. प्रकाशाचा उगम वस्तूपेक्षा मोठा असेल, तर वस्तूमागची गडद प्रच्छाया निमुळती होत जाते आणि काही अंतरावर संपते. चंद्राची प्रच्छाया पृथ्वीपर्यंत पोचली नाही, की कंकणाकृती ग्रहण दिसते. आजीचे डोके हा आपला चंद्र आणि खिडकी हा सूर्य. खिडकी १ मीटर रुंद असून आजी तिच्यापासून दीड मीटरवर खिडकीकडे तोंड करून बसली आहे, आणि डोक्याची रुंदी १५ सेंटिमीटर आहे, असे धरा. समरूप त्रिकोणांवरून प्रच्छायेची लांबी १५० गुणिले १५ भागिले ८५, म्हणजे सुमारे २६ सेंटिमीटर येते. (८५ कोठून आले? खिडकीच्या १०० सेंटिमीटरमधून डोक्याचे १५ वजा केले.) तेव्हा खुर्ची भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढली, की डोक्याची काळी सावली भिंतीला पोचतच नाही, फिकट, पसरट उपच्छाया तेवढी राहते आणि ती डोळ्यांना जाणवतही नाही.

मोबाइलचा फ्लॅश वापरू नका. तो वाटाण्याएवढा बिंदू. त्याची प्रच्छाया निमुळती न होता पसरत जाते आणि कड चाकूने कापल्यासारखी येते. शिवाय तो भिंगाला अगदी लागून असल्याने त्याचा प्रकाश बाहुलीतून आत जाऊन दृष्टिपटलावरून तसाच परततो आणि डोळे लाल दिसतात.

डोक्याजवळ एका बाजूला दिवा ठेवला तर? व्यस्त वर्गाचा नियम आठवा. दिव्याजवळचा गाल ४० सेंटिमीटरवर आणि पलीकडचा ५५ सेंटिमीटरवर असेल, तर दोहोंवरच्या प्रकाशाचे प्रमाण ५५ चा वर्ग भागिले ४० चा वर्ग, म्हणजे १.८९ होते. एक गाल दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उजळ! खिडकी लांब असल्यामुळे हा फरक राहत नाही. मात्र खिडकी समोरच हवी आणि तिच्यातून थेट ऊन येता कामा नये. तुम्ही स्वतः खिडकीच्या आड येऊ नये म्हणून मोबाइल आजीच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टुलावर पुस्तकांच्या आधाराने उभा करा आणि आपण खाली बसा. खोलीतला पिवळा दिवा मालवून टाका. एका गालावर खिडकीचा निळसर आणि दुसऱ्यावर दिव्याचा पिवळट प्रकाश पडला, तर कॅमेऱ्याला कोणता रंग पांढरा समजावा, हे ठरवता येत नाही.

पांढऱ्या भिंतीची आणखी एक खोड आहे, आणि ती आपल्यासारख्या सावळ्या लोकांना जास्त नडते. समोरच्या दृश्यावरून सरासरी १८ टक्के प्रकाश परावर्तित होतो, अशा ठोकताळ्यावर कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बेतलेला असतो. पांढरी भिंत त्याच्या चौपटीहूनही अधिक प्रकाश परत पाठवते. कॅमेऱ्याला वाटते, उजेड फार झाला. तो सारे दृश्य अंधारे करतो. भिंत राखी होते आणि आजीचा चेहरा काळवंडतो, डोळ्यांच्या खोबणी तर दिसतच नाहीत. उपाय सोपा आहे. मोबाइलच्या पडद्यावर आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे कॅमेरा भिंतीऐवजी चेहऱ्याचा उजेड मोजतो. तरीही अंधारे वाटले तर बोट वर सरकवून उजेड थोडा वाढवा. तुमच्या मोबाइलमध्ये ही सोय वेगळ्या जागी असेल; शोधली की सापडते.

या गोष्टीला मी इतकी जागा दिली, त्याला कारण आहे. २०१६ साली न्यूझीलंडमध्ये आशियाई वंशाच्या एका तरुणाने पासपोर्टसाठी फोटो पाठवला. डोळे चांगले उघडे होते. पण यंत्राने 'डोळे मिटलेले आहेत' असे सांगून तो नाकारला. चेहऱ्यावरचा असमान उजेड हे त्याचे कारण देण्यात आले. माझ्या मते सारा दोष उजेडावर ढकलणे बरोबर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या १८९ संगणकीय पद्धती तपासल्या. आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत एकाला दुसराच समजण्याची चूक त्यांपैकी बऱ्याच पद्धती अधिक करत होत्या. यंत्र सुधारणे आपल्या हातात नाही. खुर्ची खिडकीकडे वळवणे आहे.

चष्म्याचे थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्यासह काढलेला फोटो चालत नाही. वैद्यकीय कारणाची सवलत आहे, पण ती क्वचित मिळते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. समोर उजळ खिडकी असली की हे ४ टक्केही बुबुळ झाकायला पुरतात. शिवाय जाड काचेतून होणाऱ्या अपवर्तनामुळे डोळे लहान किंवा मोठे दिसतात आणि गालाची कड तुटल्यासारखी सरकते. चष्मा काढल्यावर नाकावरचे वळ जाईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबा. चष्म्याविना आजीला मोबाइल धूसर दिसेल आणि ती डोळे बारीक करील; तेव्हा तिला मोबाइल पाहायला न सांगता, त्याच्या अगदी मागून तुमचा आवाज येईल तिकडे बघायला सांगा.

साडी पांढरी नको, नाही तर खांदे भिंतीत विरघळतात. फोटो मागच्या कॅमेऱ्यानेच काढा. काही मोबाइलचा पुढचा कॅमेरा आरशासारखी उलटी प्रतिमा साठवतो आणि डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर जातो. चेहरा नितळ करणारी सोय बंद ठेवा. सुरकुत्या पुसलेली आजी ही नियमाच्या दृष्टीने दुसरीच बाई आहे! चौरस कापणे चालते, चेहऱ्यात फेरफार चालत नाही. कापताना डोळ्यांची रेषा फोटोच्या तळापासून ५६ ते ६९ टक्के उंचीवर येते का, ते पट्टीने मोजा.

फोटोची फाइल २४० किलोबाइटपेक्षा मोठी चालत नाही. ६०० गुणिले ६०० पिक्सेलचे प्रत्येकी तीन रंग साठवायचे तर १० लाख ८० हजार बाइट लागतील. 'जेपीईजी' पद्धतीत शेजारशेजारच्या सारख्या रंगांची नोंद संक्षेपाने करून ती जागा वाचवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आणखी एकदा आकसतो आणि डोळ्यांभोवती चौकटी दिसू लागतात. म्हणून मूळ फाइल तशीच पाठवावी.

काही देश काही कामांसाठी व्यावसायिक छायाचित्रकाराचा शिक्का मागतात, तेथे घरचा फोटो उपयोगाचा नाही; आधी त्या देशाच्या सूचना वाचाव्यात. आणि तान्ह्या बाळाचा फोटो काढायचा झाला, तर त्याला जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून काढतात. त्या वेळी धरणाऱ्याचा हात फोटोत येऊ द्यायचा नाही आणि वाकलेल्या तुमचीच सावली बाळावर पडत नाही ना, हे बघायचे.