परमुलखात ट्रॅक्टरचे इंजिन तापल्यास

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जळगाव या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात. त्यांच्यासोबत ट्रॅक्टरही सांगली-कोल्हापूरपर्यंत, काही तर कर्नाटकापर्यंत जातात. तेथे ओळखीचा मिस्त्री नसतो, सुटे भाग उधारीवर मिळत नाहीत आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा ठिकाणी इंजिन तापून गाडी उभी राहिली म्हणजे नुकसान केवळ मालकाचे होत नाही. तोडलेला ऊस फडात वाळून वजनात घटतो, आणि मजुरी टनावर असल्यामुळे टोळीचाही घास जातो. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक चालकास असणे अगत्याचे आहे.

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती फिरणारे पाणी वाहून नेते. हे पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि पंख्याची हवा त्यास निववते. उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. रेडिएटरचे टोपण मात्र आतील दाब धरून ठेवते, आणि त्यामुळे आतले पाणी ११० अंशांवर गेले तरी उकळत नाही. तापलेल्या इंजिनाचे टोपण उघडताच हा दाब एकाएकी नाहीसा होतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती कारंज्याप्रमाणे उसळते. एका कारखान्याच्या गाडीतळावर एका तरुण चालकाचा चेहरा व उजवा हात असाच भाजलेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. मागे गाड्यांची रांग लागली होती, लोक ओरडत होते, म्हणून त्याने घाईने टोपण फिरविले. इंजिन दुसऱ्या दिवशी चालू झाले. त्या मुलाचा हंगाम मात्र तेथेच संपला.

म्हणून काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागताच गाडी कडेला घ्यावी. चढावर असाल तर ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंच्या चाकांमागे दगड लावावेत. निघताना ते दगड रस्त्यावर टाकून जाऊ नये, कारण रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा तेच बळी घेतात. पाणी शाबूत असून केवळ काटा चढला असेल, तर इंजिन दोन-चार मिनिटे मंद गतीवर चालू ठेवणे हितावह असते, कारण पाणी व हवा फिरत राहते. परंतु वाफ निघत असेल, पंख्याचा पट्टा तुटला असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. येथे एक गोष्ट ध्यानी धरावी: पाणी फार कमी झाले म्हणजे काट्याचा सेन्सर कोरडा पडून काटा उलट खाली आलेला दिसू शकतो. त्यावर विसंबू नये.

त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. वरच्या होजला हात लावून तो कोमट लागेल तेव्हाच टोपणावर ओले गोणपाट टाकून, तोंड बाजूस करून, टोपण पहिल्या खाचेपर्यंत सैल करावे. फुसफुस थांबल्यावरच काढावे. रिकाम्या तापल्या इंजिनात घागरभर थंड पाणी एकदम ओतल्यास हेडला तडा जाण्याचा संभव असतो. पाणी थोडे थोडे, इंजिन मंद चालू ठेवून घालावे.

चुकून कोणी भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी वाहू द्यावे, अंगठी-कडे काढावे, हळद, टूथपेस्ट वा शाई लावू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कारण शोधताना प्रथम रेडिएटरची जाळी पाहावी. उसाच्या फडात हेच कारण सर्वांत अधिक आढळते. पाचटाचे तुकडे, धूळ आणि जाळलेल्या पाचटाची काजळी पापुद्र्यांत बसून हवेची वाट अडवितात. इंजिन निवल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेस हलक्या दाबाची हवा वा पाणी मारावे. पुढून मारल्यास कचरा आतच रुततो, आणि जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे दुमडतात. हे काम तोडीच्या दिवसांत रोजचे आहे. पट्टा अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच लवावा. होज फाटला असेल तर तो पुसून, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळावी, टोपण पहिल्या खाचेवरच ठेवावे आणि जवळच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत रिकामी गाडी हळू न्यावी. ऑइलची पट्टी काढून पाहता ऑइल दुधाळ दिसले, किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ येऊ लागली, तर हेड गॅस्केट गेले असे समजावे व इंजिन चालू करू नये. ओढून नेण्याचा खर्च नव्या हेडपेक्षा कमीच असतो.

चढावर वेळीच खालचा गिअर टाकावा. इंजिनावरील ताण कमी होतो आणि पंखाही वेगाने फिरतो. उतारावर इंजिन निवावे म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची चाल काही चालकांत आहे. भरल्या दोन ट्रॉल्यांचे वजन मागे असताना केवळ ब्रेकवर ती आवरत नाही.

राहिला पाण्याचा प्रश्न. विहिरीचे जड पाणी घातल्यास चुलीवरील भांड्याप्रमाणे नळ्यांत क्षारांचा थर बसतो. अडचणीत ते घालावेच लागते, पण मुक्कामी परतल्यावर काढून पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कूलंट भरावे. या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. टोळीच्या कोपींजवळ लहान मुले व बैल असतात. काढलेले कूलंट उघड्या पाटीत ठेवू नये व ओढ्यातही सोडू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ठळक खूण करून, ते गॅरेजवर पोहोचते करावे.